हौसेचं मोल आणि घोड्यांचा हिशेब



आजच्या व्याख्यानाची पत्रिका गेल्यावर एका जुन्या स्नेह्यांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, पत्रिकेत छपाईची चूक दिसतेय. तुमच्या नावापुढे मोटारगाडीचा विषय पडलाय." मी म्हटलं, चूक नाही हो, विषय माझाच आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने टर्बो इंजिनावर काय बोलावं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वहीत आहे, म्हणून आधी त्या वहीबद्दल सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे न्यू जर्सीला मुक्कामाला होतो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पदवीला माझ्याकडे तर्कशास्त्र शिकला, पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेला, तिकडेच स्थिरावला. गाड्यांचा मोठा शौकीन. पण आला तो मित्राची गाडी मागून. मी विचारलं, "अरे, तुझी ती लाडकी गाडी कुठाय?" तो म्हणाला, "गॅरेजमध्ये, सर. पाचवा महिना." आणि पिशवीतून त्याने एक वही काढली. गाडीवर केलेला प्रत्येक खर्च त्यात तारखेनिशी लिहिलेला. म्हणाला, "तुम्ही आम्हाला युक्तिवादातली चूक शोधायला शिकवलंत. या वहीत कुठेतरी चूक आहे, आणि मला ती सापडत नाहीये."

वहीतली बेरीज होती ३०,००० डॉलर. गाडी त्याने जुनी घेतली होती २४,००० डॉलरला. म्हणजे गाडीपेक्षा गाडीवरचा खर्च जास्त. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातला प्रकार. आणि या खटाटोपाच्या तीन वर्षांपैकी चौदा महिने गाडी गॅरेजमध्ये उभी.

'हौसेला मोल नसतं' असं आपण म्हणतो. या म्हणीचे दोन अर्थ होतात. हौस इतकी मोलाची की तिची किंमत करता येत नाही, हा एक. आणि हौस असली की किंमत विचारू नये, हा दुसरा. पहिला अर्थ मला मान्य आहे. दुसरा मान्य नाही. हौसेचा हिशेब करता येतो, तो करावा, आणि तो बहुतेक वेळा एकाच ठरावीक जागी चुकतो. ती जागा दाखवण्यापुरतीच आजची खटपट आहे. त्यासाठी इंजिन थोडं समजून घ्यावं लागेल. ते मीही त्या मुलाला प्रश्न विचारून विचारूनच शिकलो, तेव्हा घाबरू नका.

गाडी होती मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन. चाहते तिला लाडाने 'इव्हो' म्हणतात. लान्सर हे नाव आपल्याला परकं नाही. तमिळनाडूत तिरुवल्लूरच्या कारखान्यात ती बनायची आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसायची. पण ती साधी घरगुती लान्सर. इव्हो जन्माला आली १९९२ मध्ये, रॅलीच्या शर्यतीसाठी. त्या वेळच्या 'ग्रुप ए' या गटाचा नियम असा होता की शर्यतीत उतरवायची गाडी आधी किमान २,५०० नग बनवून सामान्य ग्राहकाला विकायची. मग कंपनीने काय केलं, साध्या चार दारांच्या लान्सरमध्ये दोन लिटरचं टर्बो इंजिन बसवलं, ताकद चारही चाकांना दिली आणि गाडी बाजारात आणली. पुढे याच घराण्यातल्या गाड्या चालवून फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं रॅलीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. माझ्या विद्यार्थ्याची गाडी या मालिकेतली नववी, इव्हो नाइन. अमेरिकेत ती कारखान्यातून निघायची २८६ अश्वशक्ती घेऊन.

आता अश्वशक्ती येते कुठून? इंजिन म्हणजे एक भट्टी आहे. भट्टीत जाळायला इंधन लागतं आणि इंधन जाळायला हवा लागते. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणं सोपं, पण हवा जास्त आणायची कुठून? दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक दोन फेऱ्यांत ते दोन लिटर हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला ७,००० लिटर. त्याहून जास्त ते स्वतःच्या बळावर ओढू शकत नाही.

इथे लोहाराचा भाता आठवा. भाता मारला की तोच कोळसा दुप्पट तापतो. टर्बो हा इंजिनाचा भाता. गंमत अशी की हा भाता हाताने मारावा लागत नाही. इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र ताजी हवा दाबून आत ढकलतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. या दाबाला म्हणतात 'बूस्ट'. इव्होमध्ये कारखान्यानेच हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीहून थोडा जास्त दाब ठेवलेला असतो.

म्हणजे जास्त ताकद हवी तर बूस्ट वाढवा, त्या प्रमाणात पेट्रोल वाढवा, झालं! आणि खरंच, पहिल्या पायरीवर एवढंच करतात. गाडीतल्या संगणकाचा प्रोग्राम बदलतात, त्याला 'रीमॅप' किंवा नुसतं 'ट्यून' म्हणतात. धूर मोकळा जावा म्हणून एक्झॉस्टचे पाइप मोठे बसवतात, हवा आत घ्यायची वाट रुंद करतात. वहीतल्या पहिल्या पानावर या सगळ्याचा खर्च आहे २,४०० डॉलर. ताकद गेली २८६ वरून ३५० च्या आसपास. (ताकद इंजिनापाशी मोजली की चाकांपाशी, यावर आकडा बदलतो, मी सगळीकडे इंजिनापाशीची सांगतोय.) म्हणजे वाढलेल्या प्रत्येक घोड्यामागे साडेसदतीस डॉलर. स्वस्त सौदा.

पण हे घोडे इतके स्वस्त का मिळाले, हा प्रश्न त्याने तेव्हा विचारला नाही. फुकट काही मिळत असेल तर ते कोणाचं आहे हे विचारावं, ही साधी व्यवहारनीती. हे चौसष्ट घोडे आधीपासून इंजिनात बांधलेलेच होते, कारखान्याने मुद्दाम सोडलेले नव्हते. का? कारण ज्याने इंजिन बनवलं त्याला ठाऊक नसतं की ते कोण चालवणार. कोणी हलकं पेट्रोल भरेल. कोणी भर उन्हाळ्यात घाट चढेल. कोणी तेल बदलायला विसरेल. या सगळ्यांसाठी अभियंता थोडी ताकद राखून ठेवतो. आपल्या आया धान्याच्या डब्यात तळाशी दोन मुठी राखून ठेवायच्या, तशी. ट्यूनिंगच्या पहिल्या पायरीवर तुम्ही नवी ताकद कमावत नाही, ही राखीव मूठ खर्च करता. त्यात गैर काही नाही. फक्त पेट्रोल चांगलं भरायचं, तेल वेळेवर बदलायचं, ही जबाबदारी आता अभियंत्याकडून तुमच्याकडे आली, एवढं लक्षात ठेवायचं.

दुसऱ्या पानावर आकडे बदलतात. ३५० च्या आसपास मूळ टर्बो थकतो. हा भाता आणखी जोरात मारला तर तो थंड हवेऐवजी गरम हवा देऊ लागतो. सायकलचा पंप जोरात मारला की तापतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलंय. मग मोठा टर्बो घ्यावा लागतो. टर्बो आणि त्याचे पाइप मिळून ४,००० डॉलर. हवा वाढली की पेट्रोल वाढायला हवं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप, ९०० डॉलर. संगणकाचा प्रोग्राम नव्याने, ७०० डॉलर. एवढं झाल्यावर कळलं की मूळ क्लच घसरतोय, म्हणून नवा क्लच, मजुरीसकट १,६०० डॉलर. एकूण ७,२०० डॉलर आणि ताकद ४३०. इथे एक घोडा पडला नव्वद डॉलरला.

क्लच कसा आला बघा. तो मुलगा क्लच विकत घ्यायला गेलाच नव्हता. तो ताकद घ्यायला गेला आणि क्लच त्याच्या मागून घरात आला. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी असते, हे आपण ऐकतो. पण त्याच्या पुढचं एक वाक्य आपण सहसा म्हणत नाही: कच्ची कडी पक्की केली की साखळी पक्की होत नाही, दुसरी कुठलीतरी कडी आता सगळ्यात कच्ची ठरते. टर्बो बदलला, कच्ची कडी इंधनाकडे गेली. इंधन सुधारलं, ती क्लचकडे गेली. क्लच घट्ट झाला, तेव्हा घसरून जिरणारा झटका सरळ गिअरबॉक्सच्या दातांवर आणि इंजिनातल्या दांड्यांवर बसू लागला.

आणि मग ऑगस्टमधल्या एका गरम दुपारी इंजिन ठोकू लागलं. हे 'नॉकिंग' काय असतं ते नीट समजून घेऊ, कारण या हौसेतला सगळ्यात मोठा खर्च तिथे होतो. पिस्टनच्या वर हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलेलं असतं. ठिणगी पडली की ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने जळत जायला हवं, गवताला लावलेली आग पसरत जाते तसं. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर उरलेलं मिश्रण आग पोहोचण्याआधीच आपणहून एकदम पेटतं. मग पिस्टनवर दाब येण्याऐवजी हातोडा बसतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची हा आपोआप पेट घेणं टाळण्याची क्षमता. म्हणून जास्त बूस्टला जास्त ऑक्टेन लागतं. आणि पेट्रोल गरजेपेक्षा थोडं कमी पडलं तर धोका आणखी वाढतो. पूर्ण जोरात चालवताना ट्यूनर मंडळी पेट्रोलचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात, कारण त्या जादा पेट्रोलाने आतली उष्णता कमी होते. त्या दिवशी गाडीचा पंप पुरा पडला नाही. काही सेकंदांचा खेळ, आणि एका पिस्टनची कड तुटली. ट्यूनरने पंपाकडे बोट दाखवलं, पंप विकणाऱ्याने तारांकडे, आणि तारा बसवणाऱ्याने पेट्रोलकडे. कारखान्याची वॉरंटी कधीच गेलेली. अशा ठिकाणी जबाबदारी फिरत फिरत शेवटी मालकाच्या दारात येऊन बसते.

आता तिसरं पान. इंजिन उघडलंच आहे तर पक्कं करून घेऊ, हा विचार. तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या घराची एक भिंत पाडायला काढली असेल त्यांना हे 'उघडलंच आहे तर' चांगलं ठाऊक असेल. घडीव पिस्टन, घडीव कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेडचे भक्कम बोल्ट, सिलिंडरचं काम, मजुरी: ११,००० डॉलर. इव्होच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, तो फार सोशीक म्हणून नावाजलेला, तेवढा वाचला. मग ताकद वाढणारच म्हणून गिअरबॉक्स आतून भक्कम केला: ५,५०० डॉलर. इंधनाची व्यवस्था पुन्हा बदलली, इंटरकूलर आणि रेडिएटर मोठे: २,९०० डॉलर. पुन्हा ट्यून आणि डायनोवरचे तास: १,००० डॉलर. बेरीज २०,४०० आणि ताकद ५६०. हे शेवटचे एकशेतीस घोडे पडले प्रत्येकी सुमारे १५७ डॉलरला.

साडेसदतीस, नव्वद, एकशेसत्तावन्न. हे भाव एका माणसाच्या एका गाडीचे आहेत. गॅरेज बदललं, शहर बदललं की आकडे बदलतील. पण चढण बदलणार नाही. प्रत्येक पुढचा घोडा मागच्यापेक्षा महाग असतो, कारण तो एकटा येत नाही, त्याचा भार पेलणारी सगळी मंडळी बरोबर घेऊन येतो. ताकद निर्माण करणाऱ्या वस्तू वहीतल्या खर्चाचा लहान भाग आहेत. मोठा भाग आहे ती ताकद सोसणाऱ्या वस्तूंचा. आणि जाहिरातीत किंमत लिहिलेली असते ती फक्त निर्माण करणाऱ्या वस्तूची.

याला एक चांगला पुरावा खुद्द कंपनीनेच दिलाय. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये मित्सुबिशीने इव्होची एक खास आवृत्ती विकली, एफक्यू-४००. त्याच दोन लिटरच्या इंजिनातून ४०५ अश्वशक्ती. किंमत सुमारे ४७,००० पौंड. ब्रिटनमध्ये इव्होला सर्व्हिसिंग लागायचं दर ४,५०० मैलांनी, म्हणजे साधारण ७,२०० किलोमीटरला. सोसण्याचा खर्च कंपनीलाही चुकला नाही. तिने तो किमतीत आणि सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकात आधीच मांडला, आमच्या मुलाला तो हप्त्याहप्त्याने कळला.

बरं, एवढं देऊन मिळालं काय? इथे भौतिकशास्त्र फार निर्दय आहे. गाडीला वेगात अडवते ती मुख्यतः हवा. आणि हवेला भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ असा की ताकद दुप्पट केली तर गाडीचा कमाल वेग दुप्पट होत नाही. बाकी सगळं तेच धरलं तरी तो वाढतो जेमतेम २६ टक्के. आमच्या गाडीची ताकद जवळजवळ दुप्पट झाली, कमाल वेग वाढला असेल तर पंचवीस टक्क्यांच्या आतबाहेर. तोही कागदावर, कारण न्यू जर्सीत रस्त्यावरची सर्वांत मोठी वेगमर्यादा आहे ताशी ६५ मैल. आणि सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांचा वेग टिकवायला अशा गाडीला घोडे किती लागतात? पंचवीस-तीस. बाकीचे पाचशे तीस तबेल्यात.

तुम्ही म्हणाल, सर, हे म्हातारपणाचं बोलणं झालं. शौकिनाला कमाल वेग नको असतो, त्याला तो पाठीला सीट चिकटवणारा झपाटा हवा असतो. मान्य. पण त्या झपाट्यालाही दोन अटी आहेत. पहिली टायरची. टायर रस्त्याला जेवढं धरून ठेवेल तेवढीच ताकद कामी येते, उरलेली चाकं जागच्या जागी फिरवण्यात जाते. दुसरी अट टर्बोची. मोठा भाता हलायला वेळ लागतो. मोठ्या टर्बोची गाडी खालच्या फेऱ्यांत सुस्त असते आणि मग अचानक उसळते. घाटाच्या वळणातून बाहेर पडताना हवी तेव्हा ताकद नाही, आणि नको तेव्हा सगळी एकदम.

म्हणूनच मला मॅकिनेनच्या गाडीची गोष्ट बोलकी वाटते. त्याने ती चार विजेतेपदं मिळवली तेव्हा नियमाने प्रत्येक रॅली गाडीच्या टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचं एक कडं बसवलेलं असायचं. त्यातून जेवढी हवा जाईल तेवढीच ताकद. त्यामुळे या गाड्यांची ताकद होती साधारण ३०० अश्वशक्तीच्या आसपास! जगातला सर्वोत्तम चालक ३०० वर जिंकत होता. आकडा वाढवायची वाट बंद झाल्यावर त्यांच्या अभियंत्यांनी सगळी बुद्धी लावली ती ताकद लवकर कशी मिळेल, चाकांत कशी वाटली जाईल, टायर रस्ता कसा सोडणार नाहीत, यावर. मर्यादा आली आणि गाडी सुधारली.

वहीत न लिहिलेले खर्च आणखी आहेत. विमा कंपनीला बदल कळवला तर हप्ता वाढतो, न कळवला तर दावा नाकारला जाऊ शकतो. धुराची शुद्धी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने बेकायदा आहे. विकायला गेलं तर बदल केलेल्या गाडीला बहुतेकदा न बदललेल्या गाडीएवढाही भाव येत नाही, कारण घेणाऱ्याला माहीत असतं की ती कशी हाकली गेली असेल. आणि आपल्या इथल्या तरुणांसाठीही सांगतो. संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेल्या टर्बो पेट्रोल ऑक्टेव्हियाचे चाहते या सभागृहात असतील, आणि रीमॅप करून घेण्याची हौस आपल्याकडेही आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. तेव्हा पहिलं पान लिहिण्याआधी एवढं तरी वाचावं.

आता मी माझ्या विषयाकडे येतो. चूक कुठे होती?

'अश्वशक्ती' हे माप रुजवलं जेम्स वॉटने, अठराव्या शतकात. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती, आणि त्याच्या गिऱ्हाइकांकडे घोडे होते. हे इंजिन घेतलंत तर किती घोड्यांचं काम होईल, हे सांगण्यासाठी त्याने हा आकडा बसवला. म्हणजे हे माप जन्मलंच दुकानाच्या फळीवर. पण त्यातही वॉटच्या गिऱ्हाइकाला ठाऊक होतं की आपल्याला पाणी किती उपसायचंय, दळण किती दळायचंय. काम आधी ठरलेलं होतं, घोडे त्या कामापुरते. आज घोडे आधी ठरतात, आणि काम कोणतं हे कोणी विचारत नाही.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागात धनाविषयी एक फार उपयोगी भेद केलाय. कुठल्याही कलेचं साधन अमर्याद नसतं, असं तो सांगतो. सुताराला हातोडी किती मोठी हवी, याला खिळ्याने मर्यादा घातलेली असते. घर चालवायला लागणारं धनही तसंच, त्याला पुरे म्हणण्याची जागा असते. पण धन मिळवणं हेच जेव्हा साध्य होतं, तेव्हा त्याला थांबण्याची जागा उरत नाही. साधनाला मर्यादा साध्याकडून मिळते. साध्य काढून घेतलं की साधन सैरावैरा वाढतं.

मी वही परत पहिल्यापासून चाळली. बेरजा बरोबर होत्या, तारखा बरोबर होत्या. मी त्याला म्हटलं, "अरे, चूक तिसऱ्या पानावर नाही, पहिल्या पानाच्याही आधी आहे. ताकद कशासाठी, हे या वहीत कुठेच लिहिलेलं नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी ही गाडी घेतली ती दर रविवारी डोंगरात जायला. पहाटे निघायचो, डेलावेअर नदीच्या खिंडीपर्यंत जायचो, कॉफी घेऊन परत यायचो. गेल्या वर्षी असे रविवार किती मिळाले असतील? चार?"

मंडळी, या गोष्टीत पणाला लागलंय ते हेच. तीस हजार डॉलर मोठी रक्कम आहे, पण तो कमावता माणूस, पैसे पुन्हा मिळवेल. ज्या गोष्टीवर प्रेम होतं तीच त्या गोष्टीसाठी केलेल्या खर्चात हरवली, हे नुकसान मोठं. आणि हे गाडीपुरतं आहे का? घर मोठं करता करता घरात बसायला वेळ न उरलेली माणसं आपण पाहतो. मुलाच्या गुणांसाठी क्लासमागून क्लास लावताना मुलाशी बोलणं थांबलेली घरंही पाहतो.

मी हौसेच्या विरोधात नाही. ज्याला कसलीच हौस नाही त्याच्याशी मला दहा मिनिटं बोलवत नाही. पण हौस करणाऱ्याने तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. हे कशासाठी? किती झालं की पुरे? आणि मोडलं तर दुरुस्तीचे पैसे आज हातात आहेत का? गाडीच्या भाषेत त्याचं उत्तर साधं आहे. आधी गाडी मूळ स्थितीत निरोगी करा. मग टायर आणि ब्रेक. मग चालवायला शिका, शर्यतीच्या ट्रॅकवर शिकवणी घ्या, हा सगळ्यात स्वस्त घोडा आहे. त्यानंतर वाटलंच तर पहिली पायरी, कायद्यात बसेल तेवढी. आणि दुसऱ्या पायरीवर पाऊल टाकायचं असेल तर टर्बोची किंमत विचारू नका. क्लच, गिअरबॉक्स आणि एक अख्खं इंजिन धरून बेरीज करा, आणि ती बेरीज कर्ज न काढता झेपत असेल तरच पुढे जा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण टर्बोपुरतं मोजलं तर पाय नक्की उघडे पडतात.

त्या मुलाचा सहा-सात महिन्यांनी फोन आला. मोठा टर्बो त्याने निम्म्याहून कमी किमतीला विकला आणि लहान बसवून घेतला. बूस्ट उतरवला. ताकद आता ३८० च्या आसपास. मी विचारलं, "वाईट वाटलं का रे?" म्हणाला, "विकताना वाटलं. नंतरच्या रविवारी नाही." वही चालू आहे का, असंही मी विचारलं. हो म्हणाला, पण आता तो त्यात खर्चाबरोबर डोंगरात गेलेले रविवारही लिहितो. त्या वर्षीचे तोवर अकरा झाले होते.

एवढं सांगून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त गिअरबॉक्सबद्दल विचारू नका, तिथे माझा अभ्यास संपतो.